ग्लासगोला एकच दिवस आहे? केल्व्हिनग्रोव्ह गाठा

एडिनबराहून ट्रेनने तासाभराच्या आत ग्लासगो येतं, त्यामुळे एक दिवस तिकडे काढणारे बरेच. आमच्यासोबत आई, तिचे गुडघे आणि स्कॉटलंडचा पाऊस. म्हणून दहा ठिकाणं उरकण्यापेक्षा केल्व्हिनग्रोव्ह म्युझियममध्येच तळ ठोकला. प्रवेश फुकट, लिफ्ट आहे, बसायला बाकं आहेत. आणखी काय हवं!

लाल दगडाची ही इमारत १९०१ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात खुली झाली. ती चुकून उलटी बांधली आणि त्या धक्क्याने आर्किटेक्टने जीव दिला, असं कुणीतरी ऐकवेलच. शुद्ध थाप.

आतली मांडणी मात्र अजब. छताला खरंखुरं स्पिटफायर विमान टांगलेलं, खाली जिराफ, आणि तिथेच पेंढा भरलेला ‘सर रॉजर’ हत्ती. आशियाई, म्हणजे आपल्याकडच्याच जातीचा. फिरत्या प्राण्यांच्या खेळातून तो ग्लासगोच्या प्राणिसंग्रहालयात आला. पुढे माजावर येऊन आवरेना, म्हणून १९०० साली त्याला गोळ्या घातल्या. ‘‘एवढ्या थंडीत आणलाच कशाला बिचाऱ्याला?’’ आई तिथून हलायलाच तयार नव्हती.

मला स्वतःला साल्व्हादोर दालीच्या क्रुसावरच्या येशूने खिळवलं. चित्र वरून पाहिलेलं. खिळे नाहीत, रक्त नाही, चेहराही दिसत नाही, आणि पार खाली पाणी, होडी, कोळी. १९५२ मध्ये ८,२०० पौंडांना घेतलं तेव्हा ‘पैशांची उधळपट्टी’ म्हणून शहरात केवढा गहजब झाला होता. पण चित्रासोबत कॉपीराइटही पदरात पाडून घेतला होता, म्हणजे व्यवहार पक्का. १९६१ मध्ये एकाने ते फाडलं होतं. आता ती फाट सहज दिसत नाही.

मधल्या हॉलमध्ये दुपारी एकला (रविवारी तीनला) ऑर्गन वाजतो. वरच्या सज्जात जागा धरा, खाली घोळक्यात मजा नाही.

वेळ उरलाच तर शहरात डोक्यावर ट्रॅफिक कोन घातलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा पुतळा पाहून घ्या. १८०३ मध्ये आपल्या असईला शिंदे-भोसल्यांना हरवणारा वेलस्ली तो हाच. कोन काढला की लोक पुन्हा चढवतात. आईला हे फार पटलं.

टॅक्सीच्या भानगडीत पडू नका. सबवे एकाच वर्तुळात फिरते, चुकणार कुठे? केल्व्हिनहॉलला उतरा आणि चालत जा.