चाळीस पेल्यांचा प्रभुभोजन संच: छोट्या मंडळीने काय बघून घ्यावा

प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, भाकर आणि द्राक्षरस मिळून घ्यायचा विधी; रस छोट्या पेल्यांतून वाटतात. पन्नास-साठ माणसांच्या मंडळीसाठी स्टीलची दोन तबकं, एक झाकण, एक बूड आणि शंभर पेले एवढी खरेदी पुरते. बाजारात सगळ्यांत जास्त खपणारा संच चाळीस भोकांचा, म्हणजे एका तबकात चाळीस पेले बसतील असा. तबक साधारण फूटभर व्यासाचं, एकावर एक रचता येणारं. दुकानात चकाकी सगळ्यांचीच सारखी दिसते. फरक कळतो तो वाटप करताना आणि त्याहून जास्त धुताना.

आधी धातू. ॲनोडाइज केलेलं (वर संरक्षक थर चढवलेलं) ॲल्युमिनियम हलकं असतं, वाटपाची सेवा करणाऱ्या मंडळीतल्या वयस्कर वडीलधाऱ्यांच्या हाताला ते बरं. पण द्राक्षरस आंबट. वरचा थर एकदा खरवडला की सांडलेल्या रसाने तिथे काळपट डाग पडतात आणि ते जात नाहीत. तारेची घासणी या तबकाला लागता कामा नये. स्टील जड, पण वर्षानुवर्षं टिकतं. स्टील घेताना 304 प्रतीचं (सहसा न गंजणारं) आहे का, हे पावतीवर लिहून मागावं. लोहचुंबक लावून बघण्याचा उपाय अर्धवट आहे: चुंबक चिकटला तर माल हलका हे बहुधा खरं, पण 202 प्रतीचं स्वस्त स्टीलही चुंबकाला फारसं दाद देत नाही आणि कोकणच्या दमट हवेत त्यावर तांबूस ठिपके येतात. पितळी प्याला दिसायला सुंदर असतो. मात्र आतून कल्हई किंवा मुलामा नसेल तर त्यात रस ओतू नये, आंबटामुळे तांबं रसात उतरतं.

दुकानातच करायची तपासणी: दोन्ही तबकांत सगळे पेले ठेवा, एकावर एक रचा आणि वरचं तबक हलकेच फिरवा. खालच्या पेल्यांच्या कडा वरच्या तबकाच्या तळाला घासल्या तर तो संच परत करा. भरलेल्या पेल्यांवर असा तळ टेकला की रस कडेवरून उतरतो, भोकात वाळतो आणि पेला चिकटून बसतो. मग शांततेत प्रार्थना चाललेली असताना पेला ओढून काढण्याचा खडखडाट सगळ्या मंडळीला ऐकू येतो. पवित्र क्षणी हा आवाज फार खुपतो, म्हणून ही तपासणी टाळू नका.

पेले काचेचे की ॲक्रिलिकचे? जाड बुडाची काच उत्तम. आपल्याकडे बऱ्याच मंडळ्या सतरंजीवर बसतात, आणि सर्वांनी मिळून एकदम प्यायचं असेल तर तोवर पेला कुणी गुडघ्याजवळ जमिनीवर ठेवतं. काचेचा पेला तिथे स्थिर उभा राहतो. हलका प्लॅस्टिकचा पेला सतरंजीच्या सुरकुतीवर कलंडतो. काचेचा तोटा म्हणजे कडेचा टवका. धुतल्यावर प्रत्येक पेल्याच्या कडेवरून बोट फिरवून बघावं आणि टवका गेलेला लगेच बाजूला काढावा. ॲक्रिलिक फुटत नाही, पण उकळतं पाणी सोसत नाही, वाकडं होतं, धुरकट दिसू लागतं. जादा पेले त्याच वेळी, त्याच मापाचे घ्या. दुसऱ्या ठिकाणचे पेले भोकात एक तर डुगडुगतात, नाही तर अडकतात.

भरण्यासाठी संचाबरोबर जो रबरी फुग्याचा भरणा, म्हणजे फुगा दाबून पेल्यात रस सोडायचं साधन, मिळतो, तो घेऊ नये. फुग्याच्या आत बुरशी धरते आणि ती दिसत नाही. हॉटेलच्या सामानाच्या दुकानात मिळणारी, चिंचोळ्या तोंडाची, सॉस पिळायची नवी बाटली जास्त चांगली. पेला दोन तृतीयांशच भरावा, म्हणजे साधारण 8 ते 10 मिलिलिटर. एका तबकाला 400 मिलिलिटर रस पुरतो. काठोकाठ भरलेलं तबक एका हातातून दुसऱ्या हातात जाताना हमखास सांडतं.

रस घरी करायचा असेल तर 250 ग्रॅम काळे मनुके कोमट पाण्यात दोनदा धुवावेत, कारण त्यांना बऱ्याचदा तेलाचा हात लावलेला असतो. मग एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, त्याच पाण्यात मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळून, कुस्करून मलमलीच्या दुहेरी कापडातून गाळावेत. फ्रीजमध्ये दोन दिवस ठीक राहतो. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी करून बाहेर ठेवलेला रस रविवारपर्यंत आंबू लागतो. वर बारीक फेस दिसला की तो वापरू नये.

रिकाम्या पेल्यांचा विचार संच बनवणाऱ्यांनी केलेलाच नाही. परदेशी बाकांना पेला ठेवायच्या खाचा असतात, आपल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना नाहीत. भरलेलं तबक पुढे गेल्यावर दोन मिनिटांनी मागून एकाने कापड अंथरलेली परात फिरवावी. त्याच तबकात उष्टे पेले परत घेतले की भरलेले आणि रिकामे शेजारी येतात आणि लोक गोंधळतात.

उपासना संपताच पेले साध्या पाण्यात बुडवावेत. रस वाळला की दुप्पट कष्ट पडतात. नंतर कोमट साबणपाणी आणि प्रयोगशाळेच्या सामानात मिळणारा परीक्षानळीचा ब्रश. सुती कापडावर पालथे घालून पूर्ण वाळवल्याशिवाय झाकण लावू नये. प्रभुभोजन महिन्यातून एकदा असेल तर ओल्या संचाला पुढच्या वेळेपर्यंत कुबट वास येतो.

करोनाकाळात पसरलेले, वर भाकरीची पातळ चकती आणि खाली रस असे सीलबंद पेले रोजच्या वापरासाठी पटत नाहीत. वयस्कर बोटांना झाकणाचे दोन पातळ पापुद्रे सोलता येत नाहीत, रस अंगावर उडतो आणि मुदत संपलेला माल गळ्यात पडतो. मोठ्या मेळाव्याला, धुवायला पाणी नसेल तिथे, ते सोयीचे.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पाळक (मंडळीचे धर्मगुरू) जी छोटी पेटी घेऊन जातात, ती मात्र वेगळी घ्यावीच. चार-सहा पेले, भाकरीची डबी आणि रसाची बाटली. बाटलीत पाणी भरून ती तासभर आडवी ठेवून बघा. झाकणाची रबरी चकती सैल असेल तर मोटारसायकलच्या डिकीत सगळी पेटी भिजते. गिळायला त्रास असलेल्यांसाठी त्यात एक लहान चमचा असू द्या, म्हणजे भाकरीचा कण रसात मऊ करून देता येतो.