वाशीत व्हीआर लावून भाषणाचा सराव: नजरेला पाच, आवाजाला दोन तारे

पावणे एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. रोज शिफ्टच्या तोंडावर कामगारांना टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या चार सूचना, देताना कधी अडखळत नाही. पण ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, डायरेक्टर आणि फॅक्टरी इन्स्पेक्टर पुढच्या रांगेत बसले की घशाला कोरड पडते. म्हणून वाशी स्टेशनजवळच्या एका सेंटरला गेलो. तिथे व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांपुढे खोटा हॉल आणि खोटे श्रोते उभे करून, भाषणाचा सराव करून घेतात. अर्ध्या तासाचे ६०० रुपये.

डोक्याला हेडसेट बांधतात, हॉल निवडायला सांगतात. स्लाइड्स आधी पाठवल्या तर मागच्या पडद्यावर आपल्याच दिसतात. श्रोत्यांचा मूडही ठरवता येतो. मी ‘कंटाळलेले’ मागितले. एक जांभई देतोय, एक मोबाइलमध्ये, आणि माझं वाक्य अर्धवट असताना तिसरा उठून चालू लागला! चित्रंच ती, तरी तळहाताला घाम फुटला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये छापलेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं: श्रोते खोटे आहेत हे माहीत असूनही नाराज चेहऱ्यांसमोर माणसं घाबरतात. त्या भीतीचीच सवय करायला आपण पैसे देतो, आणि तेवढे ते वसूल होतात. शेवटी मिळणारा नजरेचा नकाशाही उपयोगी. माझी डावी बाजू लालभडक आणि उजवी कोरी. म्हणजे अर्ध्या हॉलकडे मी बघतच नव्हतो. फक्त एक, ते मोजतात डोक्याची दिशा. मान वळवून डोळे मिटले तरी मार्क मिळतात.

आवाजाचं मात्र अवघड आहे. माइक तोंडापासून चार बोटांवर. पाचशे माणसांच्या सभागृहात मी कानगोष्टीच्या सुरात बोललो, तरी ‘आवाज उत्तम’. मग तिथल्या मुलाला हेडफोनमध्ये गर्दीचा गलका लावायला सांगितला, तर आवाज आपोआप चढला. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. त्या नावाच्या फ्रेंच डॉक्टरने तो १९११ मध्ये मांडला. आमच्याकडे गोंगाट करणाऱ्या ब्लोअरशेजारी काम करणारे याच कारणाने संध्याकाळपर्यंत घसा बसवून घेतात. रिपोर्टात त्या चढलेल्या आवाजाला ‘जोशपूर्ण’ म्हणून जास्त मार्क! पोटातून श्वास घेऊन बोललात की नरडं ताणून, त्याला काही घेणंदेणं नाही.

मिनिटाला किती शब्द, हा आकडा मराठी बोलणाऱ्याने सोडून द्यावा. ‘कामगारांसाठीसुद्धा’ हा एकच शब्द धरला जातो, मग आपण संथ ठरणारच. इंग्रजी ‘अम्’ लगेच पकडतात, माझं ‘काय आहे ना’ बिनबोभाट सुटलं.

चष्मा असेल तर हेडसेटच्या आत चष्म्याला जागा करणारी जादा पट्टी मागून घ्या. कपाळावरच्या फोमला आधीच्या गिऱ्हाइकाच्या घामाचा वास होता, फोम आपल्यासमोर पुसून घ्या. वीस मिनिटांनंतर नाकावर ओझं येतं. पाण्याची बाटली नेणार असाल तर स्ट्रॉची न्या, साधी हेडसेटला आपटते.

माइकसमोर ज्यांचे पाय लटपटतात त्यांनी जरूर जावं. आवाजासाठी मी पुन्हा पैसे देणार नाही. रविवारी सकाळी वाशीतल्या मिनी सी-शोरला बायकोला लांब उभी करतो आणि भाषण सुरू करतो. शब्द नीट पोचला की ती हात वर करते. जॉगिंगवाले वळून बघतात, बघू देत.