एका दिवसाची राइड की अनेक दिवसांची? देणगीसाठी सायकल चालवायचं ठरवताना

एखाद्या चांगल्या कामासाठी सायकल चालवायची, म्हणजे राइडला नाव नोंदवून ओळखीच्यांकडून संस्थेसाठी देणग्या जमवायच्या, असं मनात आलं की पहिला प्रश्न अंतराचा पडतो. शंभर किलोमीटर झेपतील का, चढ किती आहे, आपली सायकल चालेल का. किती निधी जमवायचा हा आकडा नोंदणीच्या फॉर्मवर बराच खाली असतो आणि 'होईल जमा' म्हणत आपण पुढे जातो. मला हा क्रम उलटा वाटतो. पायांना वेळ दिला की ते तयार होतात, अगदी चाळिशी-पन्नाशीत सायकलवर बसलेल्या माणसाचेही. गाडी अडते ती देणग्यांपाशी. सराव आणि देणगी मागणं, दोन्ही कामं आठवड्यातल्या त्याच मोजक्या मोकळ्या तासांतून करायची असतात. म्हणून दोन्ही प्रकारांची तुलना मी पायांइतकीच वेळेच्या आणि ओळखीपाळखीच्या हिशेबाने करणार आहे.

दोन प्रकार, थोडक्यात

एका दिवसाच्या राइडचं ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटिश हार्ट फाउंडेशनची लंडन ते ब्रायटन राइड. अंतर 54 मैल, म्हणजे साधारण 87 किलोमीटर, आणि पाय थकल्यावर शेवटच्या टप्प्यात समोर येणारा डिचलिंग बीकनचा चढ. दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियातली एड्स/लाइफसायकल होती: सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस, 545 मैल, सात दिवस, रात्री तंबूत मुक्काम. 2025 साली ती शेवटची झाली. या दोन्हींच्या मधे दोन दिवसांच्या राइड येतात. बिली स्टार यांनी 1980 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेली पॅन-मास चॅलेंज त्यातली खूप जुनी; तिचा निधी डेना-फार्बर कर्करोग संस्थेला जातो.

एका दिवसाच्या राइडमध्ये बऱ्याचदा प्रवेश फी भरली की झालं. निधी जमवावा ही विनंती असते किंवा लक्ष्य छोटं असतं. अनेक दिवसांच्या राइडमध्ये किमान रक्कम ठरलेली असते आणि ती जमली नाही तर काही आयोजक उरलेला फरक तुमच्याच कार्डावरून वसूल करतात. खरा फरक हा आहे. किलोमीटरचा नंबर त्यानंतर लागतो.

सराव: कुठे सारखा, कुठे वेगळा

एका दिवसाच्या शंभर किलोमीटरसाठी, आज तुम्ही न थांबता पंचवीस-तीस किलोमीटर जाऊ शकत असाल तर दहा-बारा आठवडे पुरतात. आठवड्याला तीन राइड: दोन छोट्या, एक लांब. लांब राइड हळूहळू वाढवत राइडच्या अंतराच्या पाऊण भागापर्यंत न्यायची. पूर्ण अंतर आधीच कापून पाहायची गरज नसते, कारण उरलेला पाव भाग त्या दिवशीचा उत्साह आणि सोबतचे लोक सहज ओढून नेतात. दर चौथा आठवडा हलका ठेवायचा आणि शेवटचे सात ते दहा दिवस सराव निम्म्यावर आणायचा. एकूण वेळ आठवड्याला पाच ते सात तास.

वेगाची फार चिंता नको. सरावातला बहुतेक वेळ शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच जोरात जायला हवा. दम लागून तुटक बोलावं लागतंय म्हणजे गिअर हलका करायची वेळ झाली. पेडलचे फेरे मिनिटाला 80 ते 90 राहिले तर गुडघ्यांवरचा भार कमी होतो. जड गिअर दाबत राहण्याची सवय लांबच्या राइडला महाग पडते.

अनेक दिवसांच्या राइडचा सराव म्हणजे हेच सगळं जास्त प्रमाणात, असा समज असतो. तो चुकीचा आहे. एका दिवसाची राइड तुम्ही किती लांब जाता ते पाहते. अनेक दिवसांची राइड तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी परत सीटवर बसू शकता का ते पाहते. आदल्या दिवशी ऐंशी-नव्वद किलोमीटर झालेले असतात, मांड्या जड असतात, आणि सीट जिथे टेकते तिथली कातडी अक्षरशः हुळहुळते. वीस मिनिटांनी पाय मोकळे होतात. कातडीची आग मात्र तशीच राहते. म्हणून या राइडच्या सरावात शनिवार आणि रविवार असे लागोपाठचे लांब दिवस हवेतच. दुसऱ्या दिवसाचं अंतर पहिल्यापेक्षा कमी असलं तरी चालेल, पण तो दिवस चुकवायचा नाही. हा सराव सोळा ते वीस आठवड्यांचा होतो आणि शेवटच्या महिना-दीड महिन्यात आठवड्याचे नऊ-दहा तास घेतो. सायकल धुणं, चेनला तेल देणं, पंक्चर काढणं याचा वेळ वेगळा.

सायकलच्या मापाचंही असंच. सीट थोडी खाली राहिली तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, जास्त वर गेली तर मागच्या बाजूला. पेडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा बाक राहायला हवा. एका दिवसाच्या राइडमध्ये थोडं चुकलेलं माप निभावून जातं. पाचव्या दिवशी तेच माप तुम्हाला सपोर्ट गाडीत बसवतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळव्याच्या कडेची नस हँडलवर दाबली जातेय. हात ठेवायची जागा सतत बदला आणि तरीही होत राहिलं तर सायकलची उंची-लांबी जाणकाराकडून बघून घ्या. पॅड असलेली सायकलिंग शॉर्ट्स आतल्या कपड्याशिवाय घालायची असते. संकोचामुळे हे कुणी सांगत नाही आणि त्यापायी बऱ्याच जणांची कातडी सोलवटते.

खाण्याचं गणित लांब राइडमध्येच शिकायचं. शरीरातला कर्बोदकांचा साठा जोरात चालवल्यावर दीड-दोन तासांत उतरणीला लागतो. त्यामुळे भूक लागण्याआधी, तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. नुसतं पाणी ढोसत राहणंही बरं नाही, कारण घामातून मीठही जातं. एका दिवसाच्या राइडमध्ये इतकं सांभाळलं तर पुरतं. अनेक दिवसांच्या राइडमध्ये आणखी एक सवय लागते: सायकलवरून उतरल्यावर तासाभराच्या आत नीट जेवणं. दमल्यामुळे जेवणाची इच्छा नसते आणि नेमकं तेव्हाच खाल्लेलं दुसऱ्या सकाळी कामी येतं.

देणग्या: निर्णय इथे होतो

फोन हातात घ्या आणि ओळखीच्या नावांच्या तीन याद्या करा. पहिल्या यादीत ज्यांना तुम्ही सरळ फोन करून पैसे मागू शकता ते लोक. दुसरीत ज्यांना स्वतंत्र मेसेज पाठवता येईल ते. तिसरीत फक्त ग्रुपवर भेटणारे. तिसरी यादी कितीही लांब असली तरी तिच्यावर विसंबू नका. ग्रुपवर टाकलेल्या आवाहनाला प्रत्येक जण 'बाकीचे देतील' असं समजून अंगठा दाखवतो आणि पुढे सरकतो. पहिल्या यादीतले बहुतेक आणि दुसऱ्या यादीतले निम्मे देतील असं धरा, तुमच्या ओळखीतला माणूस साधारण किती देतो त्या रकमेने गुणा, आणि आलेला आकडा राइडच्या किमान रकमेशेजारी ठेवा. अनेक दिवसांच्या राइडची किमान रक्कम त्याच्या दुपटीच्या आसपास असेल तर या वर्षी एका दिवसाची राइड घ्या, असं मी अगदी स्पष्ट सांगेन.

मागण्याची पद्धत दोन्हीकडे एकच आहे. आधी स्वतः काही रक्कम भरा, मग अगदी जवळच्या चार-पाच जणांना द्यायला सांगा. तुमच्या नावाने देणग्या जमा होतात त्या ऑनलाइन पानावर येणारा माणूस वरच्या नावांपुढचे आकडे पाहून आपली रक्कम ठरवतो, त्यामुळे सुरुवात कुणी केली याला महत्त्व असतं. मेसेज लहान असावा. उदाहरणार्थ:

'पुढच्या महिन्यात मी शंभर किलोमीटर सायकल चालवतेय. मावशीला जो आजार होता त्याच्या संशोधनासाठी निधी जमवतेय. तू अमुक रक्कम देशील का? शुक्रवारपर्यंत दिलीस तर माझा पहिला टप्पा पूर्ण होईल. लिंक खाली आहे.'

यात कारण आहे, रक्कम आहे, तारीख आहे आणि एकच लिंक आहे. 'जमेल तसं दे' असं लिहिलं की समोरचा विचारात पडतो आणि विचारात पडलेला माणूस मेसेज बाजूला ठेवतो. थोरामोठ्यांना मेसेज पाठवू नका, फोन करा. त्यांना विचारपूस हवी असते आणि ती त्यांच्या हक्काची आहे. पैसे आले की एक-दोन दिवसांत नाव घेऊन आभार माना. तुमच्या किंवा नातेवाइकांच्या कंपनीत कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम कंपनीनेही घालायची योजना असेल तर तिचा फॉर्म पहिल्याच आठवड्यात भरून टाका.

लांब राइडला लोक जास्त देतात का? सात दिवस, 545 मैल असे आकडे ऐकून लोक थबकतात हे खरं. पण देताना ते तुम्हाला आणि तुमच्या कारणाला देतात. ज्या आजाराने तुमच्या घरातलं माणूस नेलं त्यासाठी केलेली पन्नास किलोमीटरची राइड, ज्या संस्थेबद्दल तुम्हाला दोन वाक्यंही सांगता येत नाहीत तिच्यासाठीच्या पाचशे किलोमीटरपेक्षा जास्त निधी आणू शकते. संस्था आधी निवडा, राइड नंतर.

फारसं कुणी करत नाही असा आणखी एक विचार. एका दिवसाची राइड दरवर्षी करता येते. रक्कम आवाक्यातली असते, माणसं पुन्हा आनंदाने देतात, आणि चार-पाच वर्षांत संस्थेकडे गेलेला एकूण निधी मोठा होतो. अनेक दिवसांच्या राइडसाठी मात्र तुम्ही त्याच लोकांकडे एकदम जास्त मागता. पुढच्या वर्षी तेच दार वाजवताना तुमचाच हात अडखळतो. ज्याला हे काम वर्षानुवर्षं करायचं आहे, त्याच्यासाठी छोटी राइड जास्त निधी देणारी ठरू शकते.

पैसे जातात कुठे

अनेक दिवसांच्या राइडला खर्च मोठा: जेवण, मुक्काम, सामानाचे ट्रक, डॉक्टर, मेकॅनिक. हा खर्च कुठून निघतो ते आयोजकांना विचारा. काही ठिकाणी तो जमलेल्या देणगीतूनच वजा होतो, काही ठिकाणी नोंदणी फी आणि प्रायोजकांकडून भागवला जातो. पॅन-मास चॅलेंज सायकलस्वारांनी जमवलेला सगळा निधी पूर्णपणे डेना-फार्बरला देते आणि हे उघडपणे सांगते. देणगीदार तुम्हाला हा प्रश्न विचारणारच, आणि त्यावर चाचरलात तर पुढचं बोलणं अवघड होतं. खर्च देणगीतून वजा होत असेल तर तेही सरळ सांगा. शक्य असेल तर आपला जेवणा-मुक्कामाचा भाग स्वतःच्या खिशातून भरा. एका दिवसाच्या राइडमध्ये माणशी खर्च कमी असतो, पण प्रश्न तोच विचारायचा.

स्वतःच मार्ग आखून, कुठेही नोंदणी न करता निघणं हाही एक पर्याय आहे. किमान रकमेचं दडपण नाही, तारीख आपली. मात्र वाटेतली सगळी जबाबदारीही आपलीच. शिवाय देणग्या स्वतःच्या खात्यात घेऊ नका. थेट संस्थेच्या पानावर किंवा खात्यावर जातील अशी सोय करा, नाहीतर नंतर पावती आणि हिशेबावरून नाती दुखावतात.

मग काय निवडायचं

पहिलीच वेळ असेल, घरी लहान मुलं किंवा आजारी माणूस असेल, शनिवार-रविवार सलग मोकळे मिळत नसतील, तर एका दिवसाची राइड. यात कमीपणा काही नाही. घरच्यांना दर रविवारी दुपारपर्यंत तुमची वाट पाहायला लावणं हीसुद्धा एक देणगीच आहे, आणि ती तुम्ही त्यांच्याकडून मागताय.

मधला मार्ग हवा असेल तर दोन दिवसांची राइड मला सर्वांत संतुलित वाटते. दुसऱ्या सकाळचा अनुभव मिळतो, संध्याकाळी त्याच कारणासाठी आलेली माणसं भेटतात, ज्यांच्यासाठी निधी जमतोय ते लोकही अनेकदा तिथे असतात, आणि सराव आवाक्यात राहतो. आठवडाभराची राइड ज्याने एकदा तरी दोन दिवसांची केली आहे आणि ज्याच्या पहिल्या यादीत पुरेशी नावं आहेत त्याने घ्यावी. कारण अगदी जिवाजवळचं असेल तर हा नियम मोडायलाही हरकत नाही. अशा वेळी माणूस मागायला लाजत नाही आणि सराव चुकवत नाही.

कामांचा क्रमही प्रकारानुसार बदलतो. एका दिवसाच्या राइडमध्ये सराव आणि मागणं बरोबरीने चालू शकतं; शेवटच्या आठवड्यात आणि राइड झाल्यावर फोटोसोबतही बऱ्याच देणग्या येतात. अनेक दिवसांच्या राइडमध्ये लागोपाठचे लांब शनिवार-रविवार सुरू होण्याआधीच निम्मी रक्कम हातात यायला हवी. त्यानंतर संध्याकाळी फोन करायला अंगात त्राण उरत नाही.

नोंदणीआधी आयोजकांना चार गोष्टी विचारा. किमान रक्कम कोणत्या तारखेपर्यंत जमवायची आणि राइडनंतर किती आठवडे मिळतात? कमी पडली तर फरक माझ्याकडून घेणार का? आजारी पडलो किंवा पडलो-झडलो तर जागा पुढच्या वर्षावर ढकलता येते का? आणि मी आलो नाही तर आधीच आलेल्या देणग्यांचं काय होतं? उत्तरं ईमेलवर मागून घ्या आणि ती हातात आल्यावरच कार्डाचा नंबर टाका.