सेप्टिक टाकी की दोन शोषखड्डे? विहिरीकडं बघून ठरवलेलं

तासगाव तालुक्यातल्या आमच्या माळावर संडासासाठी मी दोन्ही वापरलंय. जुन्या घरी 16 वर्षं सेप्टिक टाकी होती, नव्या घरी 9 वर्षं दोन शोषखड्डे आहेत.

रोजच्या वापरात टाकीला नाव ठेवायला जागा नाही. लग्नाकार्यात घर भरलं तरी ती सोसते. पण टाकीत मैला पुरता कुजत नाही. बाहेर पडणारं पाणी निवळ दिसलं तरी त्यात जंतू असतातच, म्हणून त्याला शोषखड्डा हवाच. आमच्या आळीत मात्र बहुतेकांनी ते सरळ गटारात सोडलंय. शिवाय तळाचा गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो.

माझं मन या उपशावरूनच उडालं. बोळात उपशाची गाडी शिरेना, म्हणून पाइप जोडत जोडत परसापर्यंत आणला आणि टाकी रिकामी करून घेतली. संध्याकाळी वैरणीला गेलो, तर तीच गाडी ओढ्याच्या पुलावर उभी. पाइपातून काळा रबडा दगडांवरून खाली ओघळत होता आणि थोड्याच अंतरावर आमच्या भावकीची विहीर. पैसे मी मोजले होते, घाण माझ्या घरची होती. त्या रात्री घास उतरला नाही.

खड्ड्यांना ही गाडीच लागत नाही. आम्ही पाच माणसं. पहिला खड्डा पाच वर्षांनी भरला. संडासाचा पाइप दोन्ही खड्ड्यांकडं फुटतो त्या चेंबरमध्ये त्याचं तोंड बंद केलं, दुसऱ्याचं उघडलं. भरलेला दोन वर्षं तसाच ठेवला. उघडायच्या दिवशी मंडळी नाकाला पदर लावून लांब उभी होती. फावड्यावर आला तो चहाच्या भुकटीसारखा चुरा, वास ओल्या मातीचा. ते सोनखत चिकूला घातलं.

2000 साली आर. आर. आबांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, त्या काळात आमच्या वडीलधाऱ्यांनी हेच खड्डे काढले होते. पुढं स्लॅबची घरं आली तशी टाकी मानाची झाली, एवढंच.

खड्ड्यांनाही पथ्य आहे. दोघांत निदान 3 फूट अंतर, विहीर-बोअरपासून 50 फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. तळाला कोबा नको, भिंतीला विटांची जाळी हवी. न्हाणीचं पाणी वेगळं काढा, नाहीतर खड्डा लवकर तुंबतो.

माझे साडू भिलवडीला असतात. कृष्णाकाठची काळी माती, पावसाळ्यात पाणी हाताशी. 2019 च्या महापुरानंतर तिथं खड्डे काढा असं मी तरी म्हणणार नाही. त्यांना उंचावर बांधलेली, पाणी न झिरपणारी टाकीच बरी. फक्त उपसा कुठं रिकामा करणार, हे गाडीवाल्याला आधी विचारावं आणि जमलं तर मागोमाग जावं.

मुरमाचा माळ असेल तर मी खड्ड्यांकडंच झुकेन. शंका असेल तर आमच्या गवंड्यानं केलं तसं करा: तीन फूट खणून दोन-तीन बादल्या पाणी ओता, सकाळी जाऊन बघा. आमच्याकडं तळाला नुसती ओल उरली होती.