चिऱ्याच्या घरात वाय-फाय आणि ब्लूटूथ: ५ गिगाहर्ट्झ, डोंगल की सरळ वायर?

गणपतीला किंवा मे महिन्यात कोकणात गावी येऊन लॅपटॉपवर ऑफिस चालवणाऱ्या चाकरमान्यांची तक्रार ठरलेली असते: ब्लूटूथ हेडफोन लावला की मीटिंगमध्ये आवाज तुटतो, काढला की सगळं सुरळीत. काही विकत घेण्याआधी दोष कुठे आहे ते बघा. हेडफोन बंद ठेवून राउटरच्या पत्त्यावर (बहुधा १९२.१६८.१.१) पिंग लावा, म्हणजे राउटरचं उत्तर किती वेळात येतं ते दिसेल. मग हेडफोन जोडून, कॉल चालू असताना पुन्हा लावा. आधी दोन-पाच मिलिसेकंद आणि नंतर शंभराच्या वर उड्या दिसल्या, तर भांडण लॅपटॉपच्या पोटातलं, वाय-फाय आणि ब्लूटूथमधलं आहे. दोन्ही वेळा आकडा वाईट असेल, तर राउटरपासूनचं अंतर किंवा भिंती तपासा. दोन्ही वेळा चांगला असूनही मीटिंग अडकत असेल, तर फायबरवाल्याला फोन करा. बंदरातल्या बोटींच्या रडारला मात्र दोष देऊ नका; ते बहुतेक ९ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं.

ब्लूटूथ वाय-फायच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ मेगाहर्ट्झचे ७९ चॅनेल वापरतं आणि सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलू शकतं. २००३ च्या १.२ आवृत्तीपासून ते वाय-फायने व्यापलेले चॅनेल टाळायलाही शिकलं. शेजारच्या घरातल्या राउटरपुरतं हे ठीक. लॅपटॉपमध्ये मात्र वाय-फाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच कार्डवर असतात; दोघांचे अँटेना काही सेंटिमीटरवर, कधी तर अँटेना एकच. ब्लूटूथ बोलू लागलं की राउटरचा क्षीण सिग्नल ऐकणारा रिसीव्हर बधिर होतो, चॅनेल वेगळा असला तरीही. म्हणून कार्ड दोघांना पाळ्या लावून देतं. वाय-फायची पाळी हुकली की राउटरला पोच मिळत नाही. सिग्नल कमजोर आहे असं समजून तो वेग उतरवतो. मग तेच पॅकेट जास्त वेळ हवेत राहतं आणि पुढची पाळी हुकण्याची शक्यता वाढते.

गाणी ऐकताना हे फारसं जाणवत नाही, कारण हेडफोनमध्ये थोडा आवाज आधीच साठवलेला असतो आणि पॅकेट थांबू शकतं. कॉलमध्ये हेडफोनचा माइक चालू झाला की आवाजाला दर काही मिलिसेकंदांनी (चांगल्या आवाजाच्या कॉलमध्ये ७.५) ठरलेली जागा लागते, आणि ती पुढे ढकलता येत नाही. त्यामुळे सगळ्यात स्वस्त उपाय असा: मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा आणि ऐकायला हेडफोन ठेवा. आवाजही सुधारतो. पडवीत पाऊस पत्र्यावर वाजत असेल तर अर्थात हा उपाय बाद.

आता पर्याय. राउटर त्याच खोलीत असेल तर वाय-फायच्या दुसऱ्या पट्ट्याला, ५ गिगाहर्ट्झला, तोड नाही. दोघांचे पट्टे वेगळे झाले की बहुतेक कार्डांत पाळ्यांची गरज उरत नाही. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला चॅनेल घ्या. राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला वेगळं नाव द्या, नाहीतर लॅपटॉप गुपचूप २.४ ला चिकटून बसतो. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये बहुधा ‘प्रिफर्ड बँड’ असतो, तिथे ५ गिगाहर्ट्झ निवडा. अडचण भिंतींची. चिरा (जांभा दगड) सच्छिद्र आहे, पावसाळ्यात पाणी पितो, आणि ओली भिंत ५ गिगाहर्ट्झला २.४ पेक्षा जास्त अडवते. उन्हाळ्यात माजघरात मिळणारी रेंज श्रावणात मिळेलच असं धरू नका. सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) खाली गेला की हा नाद सोडा.

एक भिंत मध्ये असेल तर आमचं मत वायरीच्या बाजूने आहे. दोघांपैकी एक वायरीवर गेला की भांडणच मिटतं: राउटरपासून लॅपटॉपपर्यंत कॅट ६ नेटवर्क केबल टाका, किंवा वायरीचा इअरफोन लावा. इअरफोन दिसायला जुनाट, पण खर्च सगळ्यात कमी. केबलचे दोन तोटे कोकणातलेच. खाऱ्या हवेने जोडाच्या पितळी-तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, म्हणून सोन्याचा मुलामा नीट असलेले जोड घ्या. आणि वळवाच्या किंवा ऑक्टोबरच्या गडगडाटात केबल दोन्ही टोकांना काढून ठेवा. अंगणातून दुसऱ्या इमारतीत तांब्याची केबल ओढूच नका. विजेचा धक्का त्याच वाटेने पोर्टात शिरतो.

यूएसबी ब्लूटूथ डोंगलबद्दल (पोर्टात खोचायचं वेगळं ब्लूटूथ) गैरसमज जास्त आहेत. वाय-फाय २.४ वरच ठेवून लॅपटॉपच्या कडेला डोंगल खोचला, तर स्थिती बिघडूही शकते: आतल्या कार्डात निदान पाळ्या होत्या, डोंगलला वाय-फायचं वेळापत्रकच माहीत नसतं. घ्यायचाच असेल तर एक मीटरच्या एक्स्टेंशन केबलवर, लॅपटॉपपासून लांब ठेवा आणि आतलं ब्लूटूथ बंद करा, कारण विंडोज एका वेळी एकच चालवतं. निळ्या यूएसबी ३ पोर्टाजवळ किंवा चालू हार्ड डिस्कशेजारी ठेवू नका. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झमध्ये पसरतो.

दोन-तीन भिंतींपलीकडे, वायर शक्य नसेल, तेव्हाच २.४ वर राहा. राउटरमध्ये चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ करा. ४० ठेवलीत तर जवळजवळ अर्धा पट्टा एकट्या वाय-फायचा होतो आणि ब्लूटूथला उड्या मारायला जागा उरत नाही. चॅनेल १, ६ किंवा ११ च घ्या. ४ सारखा मधला घेतलात तर तो २४२६ मेगाहर्ट्झवर बसतो, जिथे लो-एनर्जी (कमी वीज खाणाऱ्या) ब्लूटूथचे माऊस आणि घड्याळं आपली हजेरी लावतात. आणि विंडोजमध्ये नवं ब्लूटूथ उपकरण शोधण्याची खिडकी काम झालं की बंद करा. ती उघडी असेपर्यंत शोध चालू राहतो, आणि तो वेळ वाय-फायच्या वाट्यातूनच जातो.