‘ऑनलाइन प्रमोशन पॅकेज’, तीन महिने, १८,००० रुपये: पाचपैकी एक तारा

आमचा महिला बचत गट सांगलीजवळ हळद करून विकतो. मार्केट यार्डातून राजापुरी जातीची हळकुंडं आणायची, निवडायची, कांडप यंत्रावर दळून घ्यायची आणि पाव किलो, अर्ध्या किलोची पाकिटं कुरिअरने पाठवायची. छोटी वेबसाइट आहे, पण बहुतेक ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून हा रिव्ह्यू मी लिहितेय. एजन्सीचं नाव देत नाही, कारण जवळजवळ हेच पॅकेज वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं. बायकांनी ते पॅकेज ओळखावं, एवढंच मला हवंय.

पैसे आगाऊ घेतले. बदल्यात इन्स्टाग्रामवर ५,००० फॉलोअर्स, १०,००० लोकांना व्हॉट्सॲप मेसेज, २०० बॅकलिंक (म्हणजे दुसऱ्या साइटवरून आमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक), रोज एक पोस्टर आणि ‘गूगलच्या पहिल्या पानाची हमी’. यातलं सगळं त्यांनी केलं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. दर महिन्याला आकड्यांनी भरलेला रिपोर्टही आला. त्यात ‘ऑर्डरी किती आल्या’ असा रकानाच नव्हता.

सगळ्यात मोठा घाव व्हॉट्सॲपचा. धंद्याचे मेसेज पाठवायचे तर समोरच्याने आधी होकार दिलेला असला पाहिजे, असा व्हॉट्सॲपचा नियम आहे. एजन्सीने कुठून तरी आणलेल्या नंबरांवर, आमच्याच बिझनेस नंबरवरून, सॉफ्टवेअर लावून मेसेज सोडले. आम्हाला विचारलंसुद्धा नाही. लोकांनी ब्लॉक केलं, रिपोर्ट केलं आणि आमचा नंबर बंद पडला. तोही ऐन एप्रिलात! या दिवसांत नवी हळद बाजारात आलेली असते, घरोघरी वर्षाच्या तिखट-मसाल्याची गडबड असते आणि वर्षाची हळदही तेव्हाच भरली जाते. पुण्या-मुंबईच्या जुन्या ग्राहकांचे पत्ते, कुणाला बारीक दळण लागतं, कुणाला अख्खी हळकुंडं, सगळं त्या चॅटमध्ये होतं. डोंबिवलीच्या एका काकूंनी आमच्यातल्या एकीच्या घरी फोन करून विचारलं, “अगं, हळद बंद केलीत का तुम्ही?” त्यांनी फोन तरी केला. बाकीच्या किती जणींनी मुकाट्याने दुसरीकडून घेतली, ते मला कधीच कळणार नाही, आणि याचं वाईट पैशांपेक्षा जास्त वाटतं.

आम्ही आधी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरायचो, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायची व्हॉट्सॲपची सोय. एका लिस्टमध्ये जास्तीत जास्त २५६ जण, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. एजन्सीच्या मुलाने ही तिची उणीव म्हणून सांगितली होती. मला तर तोच तिचा गुण वाटतो: ज्या बाईने नंबर जपून ठेवलाय, तिला आपली हळद हवी आहे.

गूगलच्या हमीचं काय झालं ते ऐका. पहिल्या पानावर आम्ही आलो, पण कुणी आमच्या गटाचं नाव टाईप केलं तर! ज्याला आमचं नाव माहीत आहे त्याला आम्ही असेही सापडतोच. ‘राजापुरी हळद पावडर’ किंवा ‘पॉलिश न केलेली हळद’ शोधा, आमचा पत्ता नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. वेबसाइटच्या कोडमध्ये कीवर्डची, म्हणजे लोक शोधताना टाकतात त्या शब्दांची, लांबलचक रांग घालून तिला ‘एसईओ’ (साइट गूगलवर वर आणायचं काम) म्हटलं होतं. तो कीवर्ड टॅग क्रमवारीसाठी बघत नसल्याचं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. बॅकलिंक होत्या हळदीशी काडीचा संबंध नसलेल्या साइटवरच्या. असल्या लिंकांवर २०१२ च्या ‘पेंग्विन’ अपडेटपासून, म्हणजे गूगलने क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या बदलापासून, गूगलची नजर आहे, म्हणजे फायदा तर नाहीच, उलट धोका.

फॉलोअर्सबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बरेचसे भारताबाहेरचे, आणि आम्ही परदेशात पाठवत नाही. पोस्टखाली विचारपूस करणारे तेच जुने लोक.

शिवाय पैसे भरून खोटे रिव्ह्यू टाकून देतो, असंही एजन्सीने सुचवलं. गटातल्या सगळ्यांनी एका आवाजात नाही म्हटलं. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे भारतीय मानक आलंय ते याच प्रकारांमुळे. आणि मानक नसतं तरी, न चाखलेल्या हळदीची तारीफ आमच्या पाकिटाखाली नको होती.

रोजच्या पोस्टरांवर शुभ सकाळ, सणांच्या शुभेच्छा आणि कुठल्या तरी परक्या हळदीचा फोटो. ग्राहक काय विचारतात? राजापुरी आहे की सेलम? पॉलिश केलीय का? कधी दळली? भेसळ नाही हे कशावरून? यातल्या एकाचंही उत्तर कधी पोस्टरवर आलं नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, शेजारच्या हरिपुरात हळद साठवायची जमिनीतली पेवं होती, २००५ च्या पुरात त्यांची वाताहत झाली. हे सांगायला एजन्सी लागत नाही, पण पैसे घेणाऱ्याने निदान विचारायला तरी हवं होतं. आता आमच्यातलीच एक ताई हळकुंड मोडून आतला केशरी रंग दाखवते, दळणाची तारीख बोलून सांगते, आणि त्या व्हिडिओखाली लोक थेट ‘अर्धा किलो पाठवा’ असं लिहितात.

पैसे परत मिळाले नाहीत. वेबसाइटचे आणि गूगल बिझनेस प्रोफाइलचे पासवर्ड मात्र मागितल्याबरोबर दिले, एक तारा त्याचा. तुमच्या गटाला असं पॅकेज कुणी दाखवलं, तर मेसेज कुणाच्या नंबरवरून जाणार आणि ती यादी कुठून आणणार, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या.