लाखीशचा वेढा, दालन 10: ओंडक्याआधी पळी बघा

तट फोडायचा ओंडका, म्हणजे बॅटरिंग रॅम, प्रत्यक्ष कसा चालवत हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ममीकडे धावण्याआधी दालन 10 गाठावं. इसवी सनपूर्व 701 मध्ये असिरियाचा (आजच्या उत्तर इराकमधलं प्राचीन साम्राज्य) राजा सन्हेरीब याने यहूदा या ज्यू राज्यातलं लाखीश शहर जिंकलं आणि आपल्या राजधानीच्या, निनवेच्या राजवाड्यातली एक खोली त्या वेढ्याच्या शिल्पपटांनी मढवली. तेच पट इथे ओळीने लावलेले आहेत. तिकीट नाही. मात्र काही दालनं अधूनमधून बंद असतात, म्हणून निघण्यापूर्वी संकेतस्थळ बघून घ्या.

मधला पट गाठा. भरावाच्या चढणीवर चाकांचे गाडे चढताहेत. त्यांच्या पुढून निघालेला ओंडका मेंढ्याच्या डोक्यासारखा बोथट नाही, त्याचं टोक भाल्याच्या पात्यासारखं आहे. कारण समोरचा तट कच्च्या विटांचा. असली भिंत नुसत्या धडकेने तडकत नाही, धक्का पचवते. पातं सांध्यात घुसवायचं, मग दांडा हलवून विटा उचकटायच्या, असं हे काम.

आता गाड्यातल्या माणसाकडे बघा. त्याच्या हातात लांब दांड्याची पळी आहे आणि तो गाड्याच्या तोंडावर पाणी ओततोय. वरून पेटत्या मशाली पडताहेत, आणि लाकडी सांगाड्यावर चामड्याचं आच्छादन असलं तरी ते सुकलं की पेटणारच. एक माणूस सतत पाण्यावर ठेवावा लागे, ही गोष्ट वेढ्यांवरच्या वर्णनांत सहसा निसटते. इथे ती दगडात आहे. एवढ्यासाठी तरी हे दालन बघायलाच हवं.

उणीव एकच, पण मोठी: गाड्याचं पोट बंद आहे. ओंडका आत कशावर टांगलाय, किती जण ओढताहेत, काहीच दिसत नाही. ती जागा ज्यू इतिहासकार जोसेफसने इ. स. 67 मध्ये रोमनांनी योटापाटा या ज्यू गावाला घातलेल्या वेढ्याबद्दल लिहिताना केलेल्या रोमन ओंडक्याच्या वर्णनावरून भरून काढता येते: जहाजाच्या डोलकाठीएवढा वासा, टोकाला लोखंडी मेंढ्याचं डोकं, मधोमध दोरांनी आडव्या तुळईला टांगलेला. माणसं तो मागे खेचतात आणि मग सगळे मिळून पुढे लोटतात. किल्ल्यातल्यांनी भुशाची पोती सोडून मारा मऊ केला, तर रोमनांनी लांब काठ्यांना कोयते बांधून पोत्यांचे दोर कापले. पण हा रोमन नमुना सातशेहून अधिक वर्षांनंतरचा, तो जसाच्या तसा असिरियन गाड्यात बसवू नका.

चढणीबद्दल एक सावधगिरी. पटावर ती अनेक पट्ट्यांत दिसते, त्यामुळे बऱ्याच चढणी होत्या असं वाटतं. लाखीशच्या उत्खननात मात्र नैर्ऋत्य कोपऱ्यात दगडांचा एकच प्रचंड भराव मिळाला. ओंडका तटाला भिडवायचा तर गाड्याखाली पक्की जमीन हवी, म्हणून खरी मेहनत इथे गेली. तिथेच लोखंडी साखळीचा तुकडा आणि भोकं पाडलेले जड दगडही सापडले. काही भोकांत जळक्या दोराचे अवशेष होते. असे दगड तटावरून दोराने सोडून ओंडक्यावर आपटत असावेत, असा उत्खनकांचा अंदाज आहे.

आपल्याकडे दार फोडायला हत्ती आणत, म्हणून शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला खिळे आहेत. असिरियन ओंडक्याचा रोख दारापेक्षा तटावर जास्त, हा फरक मनात ठेवून पट बघा.

साखळीचा उपयोग लाखीशच्या पटावर दिसत नाही. त्यासाठी याच संग्रहालयातले निमरूद या असिरियन शहराचे, सन्हेरीबच्या आधीचा राजा अशुरनासिरपाल दुसरा याच्या काळचे पट शोधा: तटावरचे लोक साखळी सोडून ओंडक्याचं टोक वर उचलू बघताहेत आणि खाली दोन असिरियन सैनिक आकडे अडकवून तीच साखळी खाली खेचताहेत.